डावीकडच्या सीटवर आबा

गाडी चालवायला मी शिकले ती वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही हौस म्हणून नव्हे. माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी त्यांना शहाद्याहून नंदुरबारला न्यावं लागायचं. सुरुवातीला आम्ही एसटीनं गेलो. जाताना ठीक असायचं, पण येताना यांच्या अंगात उभं राहण्याचंही त्राण नसे. एकदा बसमध्ये यांना उलटी झाली म्हणून मी मध्येच प्रकाशा गावी उतरवून घेतलं, रस्त्याकडेच्या एका दगडावर बसवलं आणि पुढची बस येईपर्यंत छत्री धरून उभी राहिले. घरी आमची पांढरी गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली होती. ती चालवणारे हेच होते. मुलगा नाशिकला माझ्या माहेरी राहून शिकत होता.

त्या दिवशी संध्याकाळी शेजारचे आबा आले. ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "चावी दे पोरी. आते मी लई जासू तुमले."

मी नको म्हणाले नाही. उगाच आढेवेढे घेण्याइतकंही बळ माझ्यात उरलं नव्हतं.

सगळी गल्ली त्यांना फौजी आबा म्हणायची. तापीकाठच्या एका शेतकरी घरातला हा माणूस अठराव्या वर्षी सैन्यात गेला आणि चोवीस वर्षं तिथे ट्रक चालवून हवालदार म्हणून परत आला. पुढे बरीच वर्षं त्यांनी एका शाळेची बस चालवली. बायको लवकर गेली. मुलगा सुरतेला, साड्यांच्या कारखान्यात. त्यानं वडिलांना एकदा आग्रहानं नेलं होतं, पण आठ दिवसांत आबा पिशवी घेऊन परत आले. का आलात म्हणून विचारलं तर म्हणाले, तिथे संध्याकाळी कुणी दाराबाहेर बसतच नाही. मग आमच्या शेजारच्या दोन खोल्यांतच ते राहिले. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचे. पहाटे दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. घरात बसून राहायचं असलं तरी बूट.

समोरच्या घरात कापडाचे व्यापारी राहत, मूळचे राजस्थानातले. त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती वरच्या मजल्यावर अडकून पडली. तिला ऊन हवं असायचं. मुलं सकाळीच दुकानावर जात. तेव्हा आबा रोज दहाच्या सुमारास त्यांच्याकडे जात, म्हातारीला लाकडी खुर्चीत बसवून चादरीनं बांधत आणि मोठ्या सुनेच्या मदतीनं ती खुर्ची पायरी पायरी करत अंगणात उतरवत. तासाभरानं पुन्हा वर. महिना दीड महिना हे चाललं होतं. कुणी त्याबद्दल बोललं की ते विषय बदलायचे, मेथी कशी आली यंदा, वगैरे.

मी नाशिककडची. लग्न होऊन शहाद्याला आले तेव्हा इथली अहिराणी मला कळत नसे. सासूबाईंनी काही आणायला सांगितलं की मी भलतंच घेऊन यायचे आणि घरभर हशा पिकायचा. तेव्हा आबा नुकतेच फौजेतून आले होते. ते एकटे माझ्याशी सावकाश बोलत. म्हणाले होते, फौजेत गेलो तेव्हा मला हिंदी येत नव्हती, वर्षभर सगळ्यांनी मला येडाच समजलं. रोज एक शब्द शिक, पुरे. आणि खरंच ते ओट्यावरून रोज मला एक शब्द द्यायचे. आठे म्हणजे इथे. तठे म्हणजे तिथे. कसाले म्हणजे कशाला.

तर पाच महिने आबांनी आम्हाला नंदुरबारला नेलं. यांना आत घेतलं की चार तास वाट पाहायची. बाकीचे ड्रायव्हर गाडीत झोपायचे, आबा वॉर्डात यायचे. ज्या पेशंटजवळ कुणी नसेल त्याच्या पलंगाशी स्टूल ओढून बसत. कुणाला चहा, कुणाला नुसती बडबड. कोण कुठल्या गावचा, कुणाची केळी पडली, कुणाची पोरगी दहावीला, हे त्यांना तोंडपाठ. काही आठवड्यांनी असं झालं की आम्ही आत शिरलो की लोक यांच्याऐवजी आबांकडे बघून हसायचे. हेही मग गमतीनं म्हणत, "डायलिसिस माझं चाललंय की तुमचं?"

मग एके दिवशी परतीच्या वाटेवर आबांनी समोरून येणारी मोटारसायकल जरा उशिरा पाहिली. काही झालं नाही. त्यांनी गाडी कडेला घेतली, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. घरी आल्यावर यांना आत झोपवून मी बाहेर आले, तर ते अजून गाडीपाशीच होते.

"मन्हा डोयामा मोतीबिंदू शे," ते म्हणाले. "ऑपरेशन करसू. पन आते तू शिक."

मी म्हटलं, या वयात मला काय येणार.

"मी काय सांगी ऱ्हायनू? तू शिक."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते फाटकात उभे होते. पहिले आठ दिवस त्यांनी मला गाडी सुरूच करू दिली नाही. आधी गाडीभोवती एक फेरी मारायची, चाकं बघायची, खाली तेल गळलंय का बघायचं, काच पुसायची. मग सीटवर बसून डोळे मिटायचे आणि गियर टाकायचे. पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. हे खिडकीतून बघत आणि हसत. नवव्या दिवशी आम्ही लोणखेड्याच्या रस्त्याला लागलो. सकाळी तिथे कॉलेजची मुलं सायकलींवरून निघालेली असायची, पपयांनी भरलेल्या पिकअप गाड्या असायच्या आणि उसाच्या दिवसांत दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ज्यांना मागे दिवाही नसायचा. मी घामाघूम व्हायचे.

आबा डावीकडे बसायचे. हातात स्टीलचा पेला, त्यात काठोकाठ पाणी. मागच्या सीटवर पेशंट झोपलाय असं समज, एवढंच त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. ब्रेक जोरात लागला की पाणी त्यांच्या इस्त्रीच्या पँटीवर सांडायचं. ते बाटलीतून पेला पुन्हा भरायचे. ओली पँट बघून मलाच इतकी लाज वाटायची की पुढच्या वेळी पाय आपोआप हलका पडायचा. महिन्याभरात त्यांची पँट कोरडी राहू लागली.

यांना घेऊन पहिल्यांदा निघाले तो दिवस मला नीट आठवतो. हे मागे आडवे, आबा डावीकडे. प्रकाशाच्या पुलावर ऐन मध्यावर गाडी बंद पडली. चूक माझीच. मागे ट्रक, त्याच्या मागे एसटी, सगळ्यांचे हॉर्न. मी किल्ली फिरवत होते आणि गाडी चालू होत नव्हती. मी आबांना म्हटलं, तुम्ही घ्या. ते दार उघडून उतरले. मला वाटलं, माझ्या बाजूला येतायत. ते मागे गेले, गाडी आणि ट्रकच्या मधोमध उभे राहिले आणि एक हात वर केला. आरशात मला त्यांची ताठ पाठ दिसत होती. मग तिथूनच मान वळवून म्हणाले, "पूल कोठे पयी नही जात. आरामशीर चालू कर."

हॉर्न थांबले. खाली तापीत पाणी संथ होतं. तिसऱ्या खेपेला गाडी चालू झाली. आबा येऊन बसले आणि पुढे नंदुरबार येईपर्यंत यांच्याशी कपाशीच्या भावाबद्दल बोलत राहिले, जसं काही झालंच नव्हतं.

परवाना मिळाल्यावरही ते काही आठवडे सोबत येत राहिले. मग एका सकाळी मी गाडी काढली, हे मागे बसले आणि आबा फाटकातच उभे राहिले.

"चला ना," मी म्हटलं.

"मी कसाले? तुले येस आते."

मी तीन वर्षं यांना नेत-आणत राहिले. आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नजर बरी झाली, पण ते पुन्हा स्टिअरिंगला बसले नाहीत. कधी कधी वॉर्डातल्या लोकांना भेटायचं म्हणून सोबत यायचे. बहुतेक वेळा आम्ही परत येईपर्यंत ओट्यावर बसून असायचे.

हे गेले ते एका श्रावणात. दिवसवारे झाले, नातेवाईक आपापल्या गावी गेले, मुलगाही नोकरीवर परत गेला. मी घरातून बाहेर पडेनाशी झाले. आबा रोज सकाळी यायचे, ताडपत्री काढायचे, गाडी पुसायचे, परत झाकून जायचे. माझ्याशी फारसं बोलायचे नाहीत. भाकरी केली असेल तर एक झाकून ठेवून जायचे. तीन महिन्यांनी एका सकाळी ते दाराशी आले आणि म्हणाले, "उभी गाडी मरी जास पोरी. बॅटरी उतरी गई."

मी म्हटलं, विकून टाकते. आता कुठे जायचंय मला.

ते ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "माले एक जागाले लई जाशी का?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं ते हे एवढंच. मी कुठे म्हणून विचारलं. लगेच सांगितलं नाही. सांगितलं ते पुढच्या दोन सकाळी, ओट्यावर बसून, तुकड्या तुकड्यानं.

फौजेत त्यांचा एक जोडीदार होता. ट्रकवर दोघं असत, एक चालवणारा, एक बरोबरीचा. हा सातपुड्यातला, काठीच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. एकाच जिल्ह्यातली दोन माणसं हिमालयातल्या एका ट्रकवर येऊन पडली होती. आबांनी तोवर डोंगर फक्त लांबून, निळा निळा पाहिलेला. पहिल्याच घाटात त्यांनी ट्रक मध्येच थांबवला, तेव्हा हा हसला. त्याच्यासाठी ती वाट म्हणजे मामाच्या गावाला जाण्यासारखी होती. वळण कसं घ्यायचं, उतारावर गाडी कशी धरायची, दरीकडे बघायचं नाही तर नजर कुठे ठेवायची, हे सगळं त्यानं शिकवलं. आबा त्याला उस्ताद म्हणत. दोघांना एकमेकांची बोली थोडी थोडी यायची. बाकीच्यांना काही कळू द्यायचं नसलं की ते अहिराणीत बोलत.

एका हिवाळ्यात बर्फ पडत असताना आबांच्या हातून ट्रकचं मागचं चाक कड्यावरून सुटलं. ट्रक तिरका अडकला. पुढे जाता येईना, उतरताही येईना, हलला तर खाली. उस्ताद कसाबसा दुसऱ्या बाजूनं बाहेर पडला, दगड आणून आणून चाकांखाली लावले आणि मदत येईपर्यंत बर्फात उभा राहून आबांना सांगत राहिला, हलू नको, पाय काढू नको. आबा ब्रेकवर पाय रोवून आत बसून राहिले. किती तास, त्यांना सांगता आलं नाही. त्यात उस्तादचे दोन्ही पाय बधिर झाले आणि पुढे पायांची बोटं कापावी लागली. त्याला घरी पाठवलं. तो जेमतेम तिशीचा होता.

"चाक मन्हा हातथून सुटनं," आबा म्हणाले. "बोटं त्यानी गयी."

फौजेतून आल्यावर ते एकदा त्याला भेटायला गेले होते. त्या अर्ध्या पावलांनी, काठी टेकत, तो त्यांना घ्यायला डोंगर उतरून खाली रस्त्यापर्यंत आला होता. काही बोलला नाही, उलट खूश होता, कोंबडी कापली. पण त्याच्या पावलांकडे आबांना बघवेना. पुढच्या वर्षी जाऊ म्हणाले. मग बायकोचं आजारपण आलं, मग शाळेची बस, मग आणखी काही. जाऊ जाऊ म्हणता पंचवीस वर्षं गेली.

"शंभर किलोमीटर बी नही, पोरी," ते म्हणाले. एवढं बोलून उठले आणि घरात गेले.

आम्ही पौषात निघालो. आबांनी एक घोंगडी घेतली होती, गुळाची ढेप आणि कॅनव्हासचे बूट. बुटांच्या पुढच्या भागात त्यांनी कापूस दाबून भरला होता. अंदाजानंच. तळोदा, अक्कलकुवा, मग घाट. मी घाटात कधी गाडी चालवली नव्हती. वळणावर आबा नुसतं "हं" म्हणायचे. दुसऱ्या गियरला आहेस तशीच राहा असा त्याचा अर्थ आहे, हे मला दोन वळणांतच कळलं. वर मोलगीला चहा घेतला. त्यापुढे काठीपर्यंत रस्ता बरा, पुढे कच्चा. पाड्याखाली गाडी लावण्यापुरती एक सपाट जागा होती, एका बाजूला कुडाचं घर, दुसऱ्या बाजूला उतार. तेच घर उस्तादचं.

त्याची बायको दाराशी धान्य पाखडत होती. सून अंगणवाडीत काम करणारी, चांगलं मराठी बोलायची. आम्ही कोण ते कळल्यावर तिनं आधी सासूला त्यांच्या बोलीत सांगितलं, मग आम्हाला हळूच म्हणाली, "बाबांना आता काही आठवत नाही. माणसं ओळखत नाहीत. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

तो खाटेवर उन्हात बसला होता. लहानखुरा, केस पांढरे, डोळे मात्र स्वच्छ. आबा त्याच्या शेजारी बसले. म्हणाले, "उस्ताद." त्यानं पाहुण्याकडे बघावं तसं नम्रपणे पाहिलं, जरा सरकून जागा दिली. आबांनी आपलं नाव सांगितलं, युनिटचं सांगितलं, त्या रस्त्याचं सांगितलं, आधी अहिराणीत, मग हिंदीत. तो मान हलवत राहिला, ऐकतोय असं दाखवण्यासाठी. मग आबांनी त्याचा हात हातात घेतला आणि जे सांगायला आले होते ते सांगितलं. मी उठून बाजूला गेले. त्यांचा आवाज येत होता, शब्द मी ऐकले नाहीत. परत आले तेव्हा उस्ताद आबांच्या हातावर थोपटत होता, रडणाऱ्या अनोळखी माणसाला थोपटावं तसा.

बूट बघून म्हातारी हसली. बाबा कधी चप्पलही घालत नाहीत, सुनेनं सांगितलं. बूट खुंटीला लावले गेले. आम्ही भाकरी आणि उडदाची डाळ जेवलो. दुपार कलायच्या आत घाट उतरायचा होता म्हणून उठलो.

गाडी वळवायला जागा नव्हती. मागे घेऊन, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, असं करायला हवं होतं आणि मागे उतार होता. आबा मागे जाऊन उभं राहण्यासाठी वळले. तेवढ्यात खाटेवरून उस्ताद उठला. काठी घेतली, लंगडत आला, आबांना हातानं बाजूला केलं आणि गाडीच्या मागे, उताराच्या अगदी कडेला जाऊन उभा राहिला. सून ओरडणार होती, आबांनी तिला थांबवलं.

त्यानं काठी टाकली आणि दोन्ही हात वर केले.

"आने दो," तो म्हणाला. आवाज एकदम तरुण होता. "आने दो, आने दो. काटो. और काटो. बस."

मी आरशात फक्त त्याचे हात बघत होते. ते जिकडे वळत तिकडे मी स्टिअरिंग वळवत होते. पुढे. पुन्हा मागे. चार वेळा. एकदाही तो चुकला नाही. गाडी सरळ रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली तेव्हा त्यानं डिकीवर पंजानं दोनदा थाप मारली. मग माझ्या खिडकीपाशी आला, आत डोकावला आणि आबांकडे वळून म्हणाला, "नया है?"

"हाँ उस्ताद," आबा म्हणाले.

"सीख जाएगा."

आणि तो परत खाटेकडे गेला. बसल्यावर त्याच्या चेहऱ्यावरून ते सगळं गेलं होतं. आम्ही निरोप घेतला तेव्हा तो पुन्हा नम्र पाहुणचार करणारा म्हातारा होता.

घाट उतरलो. अक्कलकुव्याला चहाच्या टपरीपाशी मी गाडी थांबवली. त्यांनी कप हातात घेतला, पण पीत नव्हते.

"त्यानी माले वळखं नही," ते म्हणाले. "पन गाडी वळखी."

मी म्हटलं, आपण पुन्हा येऊ.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही जात राहिलो. गाडी विकायचं मी पुन्हा काढलं नाही. आबा निघायच्या आदल्या दिवशी दाढीचं नवं ब्लेड काढायचे. तिथे गेल्यावर दोघं खाटेवर बसत, काही बोलत, काही न बोलत. तिसऱ्या खेपेला उस्तादच्या पायांत ते बूट होते. सुनेनं सांगितलं, एके दिवशी स्वतःच मागून घेतले. त्या दिवशी परत येताना आबांनी तळोद्यात भजी घेतली आणि गाडीतच खाल्ली. गाडीत खाणं त्यांच्या शिस्तीत बसत नसे. यांच्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा मोकळेपणानं हसले ते त्या भज्यांच्या दिवशी, त्यांच्या मिशीला लागलेलं पीठ बघून.

पुढे मुलाचं लग्न झालं आणि नातवासाठी मला नाशिकला जावं लागलं. आबांनीच समजावलं, जा म्हणाले, मी काय कुठे पळतोय. मी गाडी घेऊनच गेले, मुलगा सोबत होता. फोनवर बोलणं व्हायचं. फोनवर ते जोरात बोलत, पलीकडचा डोंगरापल्याड आहे असं समजून. मी अहिराणीत बोलले की खूश व्हायचे आणि माझ्या चुका काढायचे. दिवाळी झाली की येते आणि आपण वर जाऊ, असं मी म्हटलं होतं. दिवाळी झाली. नातवाला ताप, मग सुनेची परीक्षा. पुढच्या आठवड्यात निघू असं ठरवलं होतं तेव्हा समोरच्या व्यापाऱ्यांच्या सुनेचा फोन आला. रात्री जेवून आडवे झाले ते सकाळी उठलेच नाहीत.

मी लगेच निघाले. एवढं लांब अंतर मी एकटीनं कधीच कापलं नव्हतं. धुळ्याच्या पुढे मला माहीत होतं की वेळेत पोचणार नाही, तरी चालवत राहिले. पोचले तेव्हा मंडळी स्मशानातून परतून अंघोळी करत होती. तालुक्यातले माजी सैनिक आले होते, अंगावर तिरंगा घातला होता, सलामी दिली, असं मला लोकांनी सांगितलं. आबांचा मुलगा माझ्या पाया पडला. म्हणाला, बाबा सारखं तुमच्याबद्दल बोलायचे. मी त्यांच्या ओट्यावर बसले. संध्याकाळी गल्लीतले एकेक जण बाहेर येऊन बसले, व्यापाऱ्यांची सून, पलीकडचे मास्तर.

मला रागही आला होता, स्वतःचाच. दिवाळी झाली की, परीक्षा झाली की. त्यांनी उस्तादच्या बाबतीत जे केलं तेच मी त्यांच्या बाबतीत केलं, आणि माझ्याकडे तर कारणही नव्हतं.

वर बातमी कुणी दिली नव्हती. आबांच्या मुलाला ते घर ठाऊक नव्हतं आणि तिथे फोन लागत नाही. फोन लागला असता तरी ही गोष्ट फोनवर सांगायची मला इच्छा नव्हती. हिवाळा गेला. वैशाखात मी शहाद्याला आले आणि दुसऱ्या सकाळी निघाले.

वर सगळीकडे आमचूर वाळत घातलेलं होतं. छपरांवर, खाटांवर, खडकांवर, कैरीच्या पांढऱ्या फोडीच फोडी, आणि साऱ्या डोंगराला आंबट वास. उस्ताद घरात झोपला होता. आता बराच वेळ झोपतात, सून म्हणाली. म्हातारी अंगणात कैऱ्यांच्या ढिगापुढे बसून साली काढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे गाडीकडे पाहिलं. गाडीतून आणखी कुणी उतरलं नाही.

मी सुनेला सांगितलं. सुनेनं तिला सांगितलं. म्हातारीचे हात थांबले नाहीत. थोड्या वेळानं तिनं काहीतरी विचारलं.

"विचारतायत, त्रास झाला का त्यांना," सून म्हणाली.

"नाही. झोपेत गेले."

म्हातारीनं मान हलवली. पुन्हा काही बोलली, या वेळी जरा जास्त वेळ. सुनेनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "त्या म्हणतायत, तुम्ही पहिल्यांदा येऊन गेलात त्यानंतर बाबा रात्री दचकून उठायचे बंद झाले. इतकी वर्षं उठायचे. तुमच्या आबांना हे सांगायचं होतं, पण ते आले की बाबांशीच बसायचे, म्हणून राहून गेलं."

आबांना हे कळायला हवं होतं. मी ते आता कुणाला सांगणार होते? मी तिथेच खाली बसले. म्हातारीनं आपल्याजवळची दुसरी सुरी माझ्याकडे सरकवली. मी एक कैरी उचलली. ती साल काढायची, मी फोडी करायचे, सून त्या खाटेवर नेऊन पसरायची. ऊन कलेपर्यंत आम्ही तो ढीग संपवला.